सेम ३, मेल मेडिकल वॉर्ड पोस्टिंग: फाईल लिहिण्यातच रात्र जाते, वॉर्डात खरं शिकायचं कसं?

निफाडची_लेक

नमस्कार, कोणी सिनियर ताई-दादा किंवा स्टाफ सिस्टर असतील तर प्लीज नीट सांगा. मी नाशिकला बीएस्सी नर्सिंग करतेय, सेकंड इयर, सेम ३ चालू आहे. दहावीपर्यंत मराठी मिडियम. फर्स्ट इयर पाठांतरावर निघालं, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे पेपर सुटले. आता ॲडल्ट हेल्थ नर्सिंग सुरू झालंय आणि मेल मेडिकल वॉर्डला पोस्टिंग लागलीये. निफाडवरून एसटीने येते, आठच्या आत वॉर्डात असावं लागतं, मग बेड मेकिंग, टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजणं), सिस्टरबरोबर औषधांची ट्रॉली, कोणाला एक्स-रेला घेऊन जा, कोणाचे रिपोर्ट आण, दोन कधी वाजतात कळतच नाही. घरी पोचल्यावर केअर प्लॅन (पेशंटच्या काळजीची लेखी योजना), ड्रग फाईल, केस स्टडी. आमच्या बॅचला सिनियरच्या फाईली फिरतात, पेशंटचं नाव-वय बदलायचं आणि उतरवून काढायचं. मॅडम पण पानं मोजून सही करतात. मला तसं करायचं नाहीये, पण स्वतःहून लिहायला बसलं की सुरुवातच होत नाही.

परवा एका बाबांची मुलगी मला विचारत होती, सिस्टर, बाबांना पाणी मोजूनच द्यायला का सांगितलंय, त्यांना तहान लागते ओ. हार्ट फेल्युअरचे पेशंट आहेत. ते डेफिनेशन मला पाठ आहे पण त्या ताईंना समजेल असं एक वाक्य बोलता आलं नाही, मॅडमना विचारून सांगते म्हटलं आणि ते राहूनच गेलं, तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

तर केअर प्लॅन स्वतःचा कसा लिहायचा, सलाईनचे थेंब कसे काढायचे (त्याची मला जाम भीती वाटते), आणि स्टाफ काही करू देत नसेल तर काय करायचं, एवढं सांगा.

रातपाळी_सिस्टर

अगं पोरी, तुला ते प्रश्न डोक्यात राहिले म्हणजे तू चांगली नर्स होणार, हे आधी सांगते. मी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका आहे, बरीच वर्षं झाली, आमच्याकडे दरवर्षी तुमच्यासारख्या बॅचेस येतात.

पहिली गोष्ट, हँडओव्हर चुकवायचा नाही. नाईटची सिस्टर मॉर्निंगला चार्ज देते तेव्हा मुली लिनन मोजायला नाहीतर मागे गप्पा मारत उभ्या असतात, आणि अख्ख्या दिवसाचं शिक्षण त्या वीस मिनिटांत निघून जातं. कोणाला रात्री दम लागला, कोणाची लघवी कमी झाली, कोणाचा बीपी पडला, हे सगळं तिथे कळतं. छोटी डायरी घेऊन इन्चार्जच्या शेजारी उभी राहा, कोणी हाकलत नाही.

स्टाफ करू देत नाही म्हणतेस, तर त्यांची पण बाजू बघ. एकेका सिस्टरकडे इतके पेशंट असतात की तुला शिकवत प्रोसिजर करायची म्हणजे तिचा दुप्पट वेळ जातो आणि काही झालं तर जबाबदारी तिची. म्हणून नुसतं 'सिस्टर मी करू का' नको. आधी ट्रे लावून दाखव. रायल्स ट्यूबचा (नाकातून पोटात घालायच्या नळीचा) ट्रे न सांगता बरोबर लागलेला दिसला की मी स्वतः हात धरून शिकवते, बहुतेक सगळ्याच शिकवतात.

आता थेंब. त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. मिली गुणिले सेटचे थेंब (त्या सेटमधून १ मिलीला जेवढे पडतात तेवढे), भागिले मिनिटं. ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची आहे आणि सेट २० थेंबांचा आहे, तर ५०० × २० म्हणजे १०,०००, त्याला २४० मिनिटांनी भाग, ४१.७ येतात, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. घड्याळ धरून १५ सेकंदांत १० ते ११ पडले की बरोबर. सेटच्या पाकिटावर १५ की २० ते छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय गणित करायचं नाही. मायक्रो सेट असेल तर ६० थेंबांचा १ मिली, त्यामुळे तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब, गणितच नाही. आणि ड्युटी संपायच्या आधी बाटली संपवायची म्हणून सलाईन पळवायची नाही, कोणीही सांगितलं तरी. तुझ्या त्या हार्ट फेल्युअरच्या बाबांना तर ते जिवावर बेतू शकतं.

अजून एक, आपल्याकडे द्राक्षाच्या फवारणीच्या दिवसांत औषध अंगावर उडालेले, नाकातोंडात गेलेले पेशंट येतात. ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग, म्हणजे या कीटकनाशकांची विषबाधा, पुस्तकात अर्धं पान असतं, पण वॉर्डात असा पेशंट आला तर त्याच्या कॉटपासून हलू नकोस. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, घाम, छातीत घरघर, आणि पल्स स्लो. ॲट्रोपीन (त्यावरचा उतारा) चालू केलं की एकेक चिन्ह बदलत जातं, छाती कोरडी होते, पल्स वाढतो, बाहुल्या मोठ्या होतात. तासातासाला चार्टवर लिहीत गेलीस तर पॅरासिम्पथेटिक (लाळ वाढवणारी, पल्स हळू करणारी नसांची यंत्रणा) काय असतं ते जन्मात विसरणार नाहीस. आणि त्याचे कपडे काढताना, अंग धुताना ग्लोव्ह्ज घालूनच, ते औषध कातडीतून आपल्याला पण लागतं.

सेम८_इंटर्न

सिस्टरांचं सगळं पटतं पण मी जरा वेगळं बोलतो. ताई, फाईल सोडू नकोस. आदर्श वगैरे ठीक आहे पण इंटर्नल मार्क्स फाईलवर आहेत आणि क्लिनिकलची अटेंडन्स डिग्रीच्या आधी १०० टक्के भरावीच लागते, थिअरीला ८० चालते, क्लिनिकलला चालत नाही, राहिलेले तास नंतर भरून द्यावे लागतात. एकट्या ॲडल्ट हेल्थ वनला क्लिनिकलचे ४८० तास आहेत. एवढे तास उभं राहायचंच आहे तर त्यातच लिहून टाकायला शिक. मी वॉर्डातच पेशंटच्या कॉटजवळ कच्चं लिहायचो, घरी फक्त फेअर करायचो. रात्रीचे दोन तास वाचले.

आणि कॉपीबद्दल, आमच्या बॅचलाही तेच होतं. एका फाईलमध्ये मेल वॉर्डातल्या पेशंटला एलएमपी (शेवटच्या पाळीची तारीख) लिहिलेली निघाली होती आणि त्यावर पण सही होती. कॉलेजचं नाव घेत नाही. पण आता इंटर्नशिपला त्याचा हिशोब होतो, २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, कम्युनिटी, ॲडल्ट, चाइल्ड, मेंटल हेल्थ, मिडवायफरी सगळीकडे फिरतो आपण आणि तिथे सिस्टर सरळ चार पेशंट हातात देते. ज्यांनी उतरवूनच काढलं होतं त्यांना पेशंटसमोर काय बघायचं तेच सुचत नाही, मी रोज बघतोय.

सेम ३ मध्ये बीसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवायचं) ट्रेनिंग असतं ते सिरियसली कर. मॅनिकिनवर लाजत लाजत दाबू नकोस. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, ३० दाबल्यावर २ श्वास. हात दुखले पाहिजेत तेव्हा बरोबर होतंय असं समज.

क्लिनिकल_ट्युटर_पंचवटी

मी शिकवते, म्हणून 'पानं मोजून सही' वाचून वाईट वाटलं, पण तू खोटं लिहिलेलं नाहीस. एका ट्युटरमागे मुली जास्त असतात हे खरं असलं तरी न वाचता सही करण्याचं ते कारण होऊ शकत नाही. तू एक कर, रोज पाच पेशंट नको, एकच घे. तेच बाबा घे.

वही उघडायच्या आधी त्यांच्याकडे दहा मिनिटं बस. झोपताना किती उशा लागतात विचार. रात्री दम लागून उठून बसतात का विचार. घोट्याच्या वर अंगठ्याने थोडा वेळ दाबून धर आणि सोड, खड्डा राहतो का बघ. वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर. एका दिवसात १ किलो वाढलं तर ती चरबी नसते बेटा, जवळजवळ १ लिटर पाणी साठलेलं असतं. इनटेक-आउटपुट चार्ट बघ, त्यात नुसतं पाणीच लिहिलंय का ते बघ. चहा, ताक, पातळ वरण, सलाईन, औषधाबरोबरचं पाणी, सगळं इनटेकमध्ये धरायचं असतं आणि आपल्या वॉर्डांत तेच सुटतं, कारण चहा नातेवाईक बाहेरून आणतात आणि तो चार्टवर येतच नाही.

मग औषधाची शीट. लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड दिसेल. ते किडनीत लूप ऑफ हेन्लेला काम करतं, सोडियम आणि पाणी बाहेर काढतं, फर्स्ट इयरला ते चित्र काढलंच होतंस. पण त्याच्याबरोबर पोटॅशियम पण जातं. म्हणून सीरम इलेक्ट्रोलाइट्सचा रिपोर्ट शोध, पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मध्ये आहे का बघ. आणि शीटवर डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) पण असेल तर अजून जागी हो, कारण पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिन चढतं, म्हणजे विषासारखं बाधतं. म्हणून डिगॉक्सिन द्यायच्या आधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट एपिकल पल्स मोजायचा, ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवायची आणि सिस्टर-डॉक्टरांना सांगायचं. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, फार्मॅकॉलॉजी हे तीन वेगळे पेपर म्हणून शिकलीस ना, या एका कॉटवर ते तिन्ही एकत्र आहेत.

आता लिही. असेसमेंटमध्ये फक्त तू बघितलेलं. 'पेशंट म्हणतात आडवं झालं की दम लागतो, तीन उशा लागतात. दोन्ही पायांना घोट्यापर्यंत खड्डा पडणारी सूज. कालपेक्षा वजन इतकं वाढलं.' डायग्नोसिस मग आपोआप येतं, एक्सेस फ्लुइड व्हॉल्यूम, म्हणजे अंगात जादा पाणी. गोलमध्ये उतरवलेल्या फाईलीत असतं 'पेशंट विल बी फ्री फ्रॉम एडिमा', हे कधी आणि कशावरून ठरवणार? त्याऐवजी लिही, दोन दिवसांत वजन इतकं उतरेल, दोन उशांवर झोपतील. इंटरव्हेन्शनला फाउलर्स पोझिशन (पाठ उंच करून बसतं ठेवणं), मोजून पाणी, कमी मिठाचं जेवण, वेळेवर लॅसिक्स आणि प्रत्येकापुढे कारण. लॅसिक्सचा दुसरा डोस संध्याकाळी उशिरा नको, नाहीतर बाबा रात्रभर बाथरूमला उठणार आणि अंधारात पडणार, असं कारण. इव्हॅल्युएशन दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन बघून लिही. वजन उतरलं नसेल तर 'उतरलं नाही' असंच लिही, त्याचे मार्क मी कधी कापत नाही.

हे मराठीत कच्चं लिहून काढ. फेअर इंग्लिशमध्ये करायचं आहेच, पण विचार ज्या भाषेत येतो त्यात आधी येऊ दे.

आणि त्या ताईंना असं सांग, 'बाबांच्या हृदयाची ताकद कमी झालीये, रक्त पुढे ढकललं जात नाही, म्हणून पाणी पायात आणि फुफ्फुसात साठतं आणि दम लागतो. औषधाने आपण ते लघवीतून काढतोय. वरून जास्त पाणी दिलं तर काढलेलं परत भरणार. डॉक्टरांनी दिवसाचं जेवढं सांगितलंय तेवढं एका बाटलीत भरून ठेवा, चहा प्यायले तर तेवढं बाटलीतून कमी करा. तहान लागली तर आधी चूळ भरायला द्या, ओठ ओले करा. लोणचं, पापड, फरसाण बंद, मिठाने तहान वाढते.' उद्या गेल्यावर सगळ्यात आधी हेच कर, पेशंट अजून ॲडमिट असतील.

ब्रदर_पेठ_तालुका

मॅडमनी लिहिलंय ते सेव्ह करून ठेवलं. मी पीएचसीला आहे पेठ साईडला. तुम्हाला सेम ५ ला आणि परत सेम ७ ला कम्युनिटी लागेल तेव्हा हेच बोलणं कामाला येणार आहे. इकडे कोकणा, वारली लोक, 'दिवसातून तीन वेळा गोळी' सांगितलं की हो म्हणतात आणि सकाळी तिन्ही एकदम घेतात, कारण दोन वेळाच जेवतात. तेव्हा आधी विचारायचं जेवता किती वाजता, शेतावर कधी जाता, मग गोळी त्याला जोडून द्यायची. वॉर्डात घरच्या माणसाला समजावायची सवय लागली ना तर होम व्हिजिटला जड जात नाही.

कोणी बोललंच नाही म्हणून विचारतो, हिपॅटायटिस बीचे डोस झालेत का? ०, १ आणि ६ महिने. भरपूर मुलं दोन घेऊन तिसरा विसरतात. आणि सुईला परत टोपण लावायचं नाही, वापरली की सरळ पांढऱ्या पंक्चर-प्रूफ डब्यात. चुकून टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लाजून लपवायचं तर अजिबात नाही, लगेच इन्चार्जला सांगायचं. पीईपी (टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची औषधं) लागलं तर जितकं लवकर तितकं चांगलं, पहिल्या २ तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. स्टुडंट ओरडा बसेल म्हणून गप्प बसतात, ते नका करू प्लीज.

निफाडची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, मॅडम तुमचं तर मी वहीत उतरवून घेतलं. आज सकाळी त्या ताईंना सांगितलं, बाटलीवर पेनाने खुणा केल्यात त्यांनी. बाबा सध्या तीन उशांवरच आहेत, वजन कालपेक्षा थोडं उतरलंय. ब्रदर, माझे दोनच डोस झालेत, तिसऱ्याची तारीख उलटून गेलीये, आता परत पहिल्यापासून घ्यावे लागतील का?

रातपाळी_सिस्टर

नाही गं, पहिल्यापासून नाही लागत, राहिलेला तेवढा तिसरा घे. पण उद्याच घे, पोस्टिंग संपायची वाट बघू नको, आणि कार्डवर तारीख लिहून घे. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीने संरक्षण आलं का ते बघायची रक्ततपासणी) करून घ्यायचं, १० च्या वर आलं की झालं.