मदत हवी आहे: १८८४ च्या बेसबॉल मॅचेसचे स्कोअरकार्ड कुठे मिळतील?

मोझेस फ्लीटवूड वॉकर या कॅचरवर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा खेळाडू) मराठीत लेख लिहितोय. कृष्णवर्णीय असून हा माणूस जॅकी रॉबिन्सनच्या (१९४७ मध्ये मेजर लीगमध्ये आलेला प्रसिद्ध कृष्णवर्णीय खेळाडू) ६३ वर्षं आधी मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमध्ये खेळला, ओहायोतल्या टोलेडो शहराच्या टीमकडून, फक्त १८८४ चा एक सीझन, ४२ मॅचेस आणि .२६३ बॅटिंग सरासरी. त्या काळात कॅचरला आजच्यासारखा जाड ग्लोव्ह नसायचा, त्यात टीमचाच पिचर (बॉल टाकणारा) टोनी मुलेन याने नंतर स्वतः कबूल केलं की वॉकर उत्तम कॅचर होता पण काळा म्हणून कुठला बॉल टाकायचा हे सांगणाऱ्या त्याच्या खुणा मी बघायचोच नाही, मनात येईल तो बॉल टाकायचो. कुठला बॉल येणार हे माहीत नसताना पकडायचं, हे वाचून खरंच राग येतो!

म्हणून मला बघायचंय की मुलेन पिचर असताना वॉकरच्या हातून सुटलेले बॉल टीमचा दुसरा पिचर हँक ओ'डे याच्या वेळेपेक्षा जास्त होते का. बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या साइटवर सीझनचे एकूण आकडे आहेत, रेट्रोशीट या जुन्या मॅचेसच्या नोंदींच्या साइटवर मला मॅचनिहाय काही सापडलं नाही, स्पोर्टिंग लाइफ या त्या काळच्या क्रीडा साप्ताहिकाचे स्कॅन धूसर असल्याने सर्च नीट होत नाही. मी पुण्यात असतो, अमेरिकेतल्या लायब्ररीचं कार्ड नाही, थोडे पैसे भरायची तयारी आहे.

टोलेडोच्या १८८४ च्या पेपरांमधले स्कोअरकार्ड भारतातून ऑनलाइन कुठे बघता येतील?