जो पॅटर्नो: ४०९ विजय नोंदीत राहू देत, पण पुतळा परत नको

पश्चिमवारा
२९ ऑक्टोबर २०११ ला मी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियममध्ये होतो. ऑक्टोबर असूनही बर्फ पडत होता. बूट-मोजे ओलेचिंब झालेले, तरी कुणी जागचं हलत नव्हतं. इलिनॉयला आपण १०-७ असं कसंबसं हरवलं आणि आमचे प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचे ४०९ विजय झाले. ग्रॅम्ब्लिंग विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८ चा विक्रम मोडला. (हे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचं. तिथे कॉलेजच्या सामन्यालाही लाखभर माणूस जमतं.) शेजारचे आजोबा रडत होते, ते मी अजून विसरलेलो नाही.

बरोबर आठवड्याने जेरी सँडस्कीला अटक झाली. हा पॅटर्नोंचा तीस वर्षांचा सहाय्यक. अडचणीतल्या मुलांसाठी संस्था काढली आणि तिथल्याच मुलांवर अत्याचार केले. पुढे ४५ आरोपांत दोषी ठरला. ९ नोव्हेंबरच्या रात्री पॅटर्नोंच्या घरी एक चिठ्ठी आली, तिच्यावर फक्त फोन नंबर. त्यावर फोन केला तेव्हा कळलं की आपल्याला काढलंय. ४६ मोसम मुख्य प्रशिक्षक होते ते. जानेवारीत कॅन्सरने गेले.

एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने २०१२ मध्ये त्यांचे १९९८ पासूनचे १११ विजय रद्द केले, २०१५ मध्ये परत दिले. परत दिले ते योग्यच झालं. पण स्टेडियमबाहेरचा, जुलै २०१२ मध्ये हलवलेला पुतळा पुन्हा उभारावा असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये माइक मॅकक्वेरी या तरुण सहाय्यकाने शॉवरमध्ये सँडस्कीला एका मुलासोबत पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नोंच्या घरी जाऊन सांगितलं. पॅटर्नोंनी ते क्रीडा संचालकांच्या कानावर घातलं. बस्स. तो मुलगा कोण हे शोधायचा प्रयत्न कुणीच केला नाही, असं विद्यापीठाने चौकशीला नेमलेल्या फ्री समितीचा अहवाल सांगतो. सँडस्की पुढेही कॅम्पसवर येत-जात राहिला.

निळा_पांढरा
साफ असहमत. कायद्याने जेवढं सांगितलं तेवढं त्यांनी केलं, हे सरकारी वकिलांनीही मान्य केलं होतं. शिक्षा कुणाला झाली? विद्यापीठाचे अध्यक्ष स्पॅनियर, क्रीडा संचालक कर्ली आणि उपाध्यक्ष शुल्ट्झ यांना. फ्री समितीने तर पॅटर्नोंचा जबाबही घेतला नाही, ते आधीच गेले. मेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही.

आणि माणूस बघा ना! जर्सीवर खेळाडूंची नावं नाहीत, कारण संघ मोठा. आधी अभ्यास, मग फुटबॉल, हा त्यांचा आग्रह. पती-पत्नींनी विद्यापीठाला चाळीस लाख डॉलरांहून अधिक दिले आणि लायब्ररीसाठी पैसे उभे केले. फुटबॉलच्या किती प्रशिक्षकांचं नाव लायब्ररीवर आहे?

अनामिका_ह
लायब्ररीने दहा वर्षांचा हिशेब चुकता होतो का? तिघा वरिष्ठांना शिक्षा झाली म्हणून चौथा सुटत नाही. त्या गावात पॅटर्नोंचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं. २००४ मध्ये अध्यक्षांनी त्यांना निवृत्त व्हायला सुचवलं, तर त्यांनी अध्यक्षांनाच परत पाठवलं! एवढं वजन असलेला माणूस 'मी वर कळवलं' म्हणून हात झटकतो, हे मला पटत नाही. माझं तर मत आहे की ते १११ विजयही परत द्यायला नको होते. तेही खटल्याच्या तडजोडीत मिळाले, कुणी निर्दोष ठरवलं म्हणून नव्हे.

पश्चिमवारा
ताई, पुतळ्यापुरतं आपलं एकमत आहे. पण विजयांचं तसं नाही. ते सामने विशीतल्या पोरांनी खेळले. कुणाचा गुडघा गेला, कुणाचा खांदा. त्यांनी काय गुन्हा केला? नोंद म्हणजे काय घडलं ते लिहिणं. पुतळा म्हणजे 'याच्यासारखं व्हा' असं पुढच्या पोरांना सांगणं. ते मी माझ्या मुलाला सांगू शकणार नाही.

निळा_पांढरा
आज आपल्याला सगळं माहीत आहे, म्हणून बोलणं सोपं आहे. 'आणखी काही करायला हवं होतं' असं ते स्वतःच म्हणाले होते. ७४ वर्षांच्या माणसाने हे ऐकून नेमकं काय करायला हवं होतं, हे सांगा.

शाळाबाई
मी सांगते. मी जिल्ह्याच्या गावी बावीस वर्षं शिकवलं. एका पावसाळ्यात सातवीतली मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. डबा उघडलाच नव्हता, झाकण नुसतं नखाने खरवडत होती. खेळाचे सर कसे हात लावतात ते तिने सांगितलं. मी त्याच दुपारी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, 'मी बघतो, बाई.' मला हायसं वाटलं. ओझं उतरल्यासारखं. ते सर दिवाळीनंतर बदलून दुसऱ्या शाळेत गेले.

निळा_पांढरा, नियमाने मीही चुकले नव्हते. काय करायला हवं होतं विचारता ना? चार दिवसांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत परत जाऊन 'काय केलंत?' एवढं तरी विचारायचं. उत्तर नाही मिळालं तर पोलिसांत जायचं. पॅटर्नोंना तर त्या गावात कुणी दारातून परत पाठवलं नसतं.

निळा_पांढरा
बाई, वाचून गप्प झालो. पॅटर्नोंना मी अजूनही मानतो, ते खोटं कशाला सांगू. पण त्या मुलीचं पुढे काय झालं?

शाळाबाई
पुढच्या वर्षी तिने शाळा सोडली. का, ते मी विचारलं नाही.