आषाढ-श्रावणात माउंटन बाइक रानवाटेवर घालावी का? (मुठा, मोसे, मुळा खोरी)

मुठाकाठ
पाऊस लागला की पानशेत, टेमघर, मुळशीकडे रविवारी एमटीबीवाल्यांची (माउंटन बाइकवाल्यांची) रीघ लागते. माझं म्हणणं रोखठोक आहे: जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत या खोऱ्यांतल्या मातीच्या पाऊलवाटांवर सायकल घालू नये. मुरमाचे रस्ते, जुने गाडीरस्ते, धरणकाठचे रस्ते खुशाल करा. मातीची पाऊलवाट नको.

कारण पाणी. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. ओल्या वाटेवर बुटाचा ठसा उमटतो तो सुटा खड्डा असतो, त्यात पाणी साचतं आणि मुरतं. चाकाचा उमटतो तो सलग चर. म्हणजे पन्हळच. उतारावर त्यातून पाणी धावलं की चर खोल होतो, पुढचा स्वार तो टाळून शेजारून जातो, आणि हातभर वाटेची तीन हात होते. मागचं चाक लॉक करून घसरत उतरणारे तर हे काम एका फेरीत उरकतात.

ओळखायचं कसं? वाटेच्या तोंडाशी थांबा, पेरभर खालची मूठभर माती घ्या आणि दाबा. भुगा झाला तर चालवा. मोदक वळला तर परत फिरा. मोदकाला कळ्याही पाडता आल्या तर ती चिकण काळी माती, कडक ऊन पडूनही तीन-चार दिवस तिच्या वाटेला जाऊ नका. आषाढात तर ती वाळतच नाही.

वाकडा हँगर
मोदक मान्य, निष्कर्ष अमान्य.

१९९४ मध्ये विल्सन आणि सिनी या दोघांनी अमेरिकेतल्या मोंटानामध्ये डोंगरवाटांवर माणूस, घोडा, मोटरसायकल आणि सायकल यांची तुलना केली होती. माती जास्त सुटली ती खुरांनी आणि पायांनी. चाकांनी कमी. आणि हा फरक आधी भिजवलेल्या वाटेवर जास्त ठळक होता, म्हणजे तुम्ही म्हणता नेमकं त्याच्या उलट.

शिवाय या वाटा काय सायकलींसाठी आखल्यात? गुरांच्या, सरपणाच्या, वस्तीवरून गावात उतरायच्या वाटा आहेत. रोज त्यांवरून शे-दोनशे खुरं जातात. श्रावणात राजगड-तोरण्याला ट्रेकर्सची जत्रा भरते. त्यांना कोणी माती दाबून बघायला सांगत नाही.

दोष असतो आखणीत. पाणी जसं सरळ खाली पडेल तशीच उतरणारी वाट कोणी न वापरताही वाहून जाते. वाटेचा स्वतःचा उतार डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आत हवा. उदाहरणार्थ डोंगराची बाजू तीस टक्क्यांची असेल तर वाट पंधराच्या वर नको, सरासरीने दहाच बरी. वाटेचा पृष्ठभाग दरीकडे चार-पाच टक्के कललेला हवा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत नाही, आडवं उतरून जातं. अशी वाट पावसातही सायकल सोसते. सरळसोट वाट फेब्रुवारीतही सोसत नाही. ऋतू बघून बंदी घालण्यापेक्षा वाट बघून ठरवा.

आवणी
दोघेही डोंगरावरचं बोलताय. डोंगरावर पोचायच्या आधी खाचरं लागतात, त्याचं काय?

जुलैत भाताची लावणी चालू असते आणि वाट बांधावरून जाते. बांध हातभर रुंद, चिखल थापून नुकताच लिंपलेला. माणूस चालला तर अख्खा तळवा टेकतो. सायकल आणि स्वार मिळून नव्वद किलो धरा, टायरमध्ये बावीस-चोवीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा धरा, तर प्रत्येक चाक जमिनीला टेकतं ते दोन काडेपेट्यांएवढं. बांध लगेच फुटत नाही. कड खचते, खोबण पडते. रात्री पाऊस झाला की पाणी त्या खोबणीतून खालच्या खाचरात, आणि टाकलेला युरियाही त्याच्या मागोमाग. सकाळी बांध पुन्हा घालायला माणूस लागतो आणि ऐन लावणीत माणूस मिळत नाही.

खुरांचा दाखला इथे देऊ नका. त्या दिवसांत गुरं बांधावर कोणी सोडत नाही. सोडली तर गावात भांडण होतं.

बांध आला की उतरा, सायकल खांद्यावर घ्या. ढकलत नेली तरी चाक तेच आणि खोबण तीच. समोरून रोपांच्या मुठी घेऊन कोणी येत असेल तर बांधाच्या टोकाला थांबा, मधे गाठून त्यांना खाचरात उतरायला लावू नका.

काळी चेन
वाट वाचेल न वाचेल, सायकल वाचत नाही. माझा विरोध त्यासाठी आहे.

टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर फट हवी. हौसेने २.४ इंची रुंद टायर घातलेल्या बऱ्याच फ्रेममध्ये ती उरत नाही. काळ्या मातीत गवत कालवलं की तयार होतो तो विटांचा गारा. चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या खालच्या नळ्यांच्या, बेचक्यात तो भरतो आणि चाक अडतं. इथे लोक पॅडलवर उभे राहून जोर मारतात. डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) पिंजरा आरांत ओढला जातो, आणि डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर तुटतो. चाक जड लागलं की पहिल्यांदा थांबायचं आणि काडीने बेचकं मोकळं करायचं. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, मित्राचा चालत नाही. जादा एक हँगर, पाच मिलिमीटरची ॲलन की आणि आपल्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) सोबत हवीच. हँगर नसेल तर डिरेलर काढून चेन आखूड करा, पाठीमागची मधली अशी चकती निवडा जिच्यावर चेन सरळ बसेल, आणि सिंगल स्पीड करून रस्त्याला लागा. फुल सस्पेन्शनवर (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेल्या सायकलवर) हे फार टिकत नाही, मागचा शॉक दबला की चेनची लागणारी लांबी बदलते.

ब्रेक पॅड: रेझिनचे चिखलात साबणासारखे झिजतात, एका लांब उतारात नवा संच अर्ध्यावर येऊ शकतो. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घाला, पण आधी रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, बघा. स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं, त्यावर सिंटर्ड घातले तर रोटर खाल्ला जातो. नवे पॅड बसवल्यावर सपाट रस्त्यावर वीस-बावीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक दाबा, पूर्ण थांबू नका. नाहीतर पहिल्याच घाटात ब्रेक किंचाळतील आणि थांबवणार नाहीत. घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड संपला.

हवा: सत्तर किलोचा स्वार, २९ गुणिले २.३ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर असेल तर पुढे वीस ते बावीस पीएसआय, मागे तेवीस ते पंचवीस. ट्यूब असेल तर अठ्ठावीसच्या खाली उतरू नका. आपल्याकडचा काळा पाषाण धारदार असतो, त्याच्यावर रिम आपटली की ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. आणि चाळीस भरून गुळगुळीत कातळावर गेलात तर निसरड्याला दोष देऊ नका.

मुठाकाठ
हँगरराव, मोंटानाचं वाचलं आहे. त्यात मोजली ती सुटी झालेली माती. माझा मुद्दा चराचा आहे. सुटी माती कमी आणि पाण्याला वाट करून दिलेली जास्त, असं होऊ शकतं. तिथला पाऊस आणि ताम्हिणीतला पाऊस यांत किती फरक आहे हे तुम्हाला सांगायला नको. गुरं रोज जातात, पण आपापल्या चालीने. तुमचा पंचवीस जणांचा गट एकामागोमाग एकाच रेषेतून, तोही उतारावर ब्रेक दाबत जातो.

आखणीचा नियम उत्तम आहे. पण पानशेतच्या मागे अशा किती वाटा दाखवाल? नसलेल्या वाटेवरचा नियम असलेल्या वाटेला लावून उपयोग काय?

पर्याय नाही असंही नाही. पावसाळ्यात पूर्वेला जा. दिवे घाटाच्या पलीकडे, कानिफनाथ, सासवड, मल्हारगडाची बाजू. पाऊस कमी, मुरूम जास्त, सर थांबल्यावर काही तासांत जमीन चालवण्याजोगी. काटे मात्र बाभळीचे, म्हणून ट्यूबलेस हवंच. प्रत्येक टायरमध्ये शंभर ते एकशेवीस मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव). एप्रिल-मेच्या उन्हात ते दोनेक महिन्यांत सुकतं, तेव्हा जूनमध्ये चाक काढून कानाशी हलवा. डुचमळलं नाही तर टायर उघडा. काटा बाजूच्या भिंतीत घुसला तर सीलंट बहुधा हरतं. प्लग मारा किंवा ट्यूब घाला, पण ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडकं फिरवा. आतापर्यंत सीलंटने गप्प बसवलेली आठ-दहा काट्यांची टोकं तिथे वाट बघत असतात. हात फिरवलात तर बोटं फाटतील.

सडाफटिंग
पूर्वेला पाठवताय म्हणजे प्रश्न सुटला नाही, पलीकडे ढकलला. त्या उघड्या माळावर टिटवी जमिनीवरच खड्यांत अंडी घालते, उन्हाळ्यापासून थेट पावसापर्यंत. अंडी खड्यांच्याच रंगाची. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजा घरटं जवळ आहे. तिथे रेंगाळून शोधत बसू नका, आल्या चाकोरीने मागे फिरा. माळावर नवी चाकोरी पाडू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आणि “कातळावर चालवा, तिथे माती नाही” हा सल्लाही सर्रास दिला जातो. सड्यावर बोटभर मातीत भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. ती बोटभर माती टायरला चिकटून निघाली की खाली नागडा खडक.

कायद्याचं कोणी काढलंच नाही. भीमाशंकर आणि ताम्हिणी ही अभयारण्यं आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत, परवाना घ्यावा लागतो. राखीव वनात १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ आहे. मोबाइलच्या नकाशावर तुटक रेघ दिसली म्हणजे जायची मुभा मिळाली असं नाही. देवराईत तर परवाना कोणी मागणार नाही, तरी सायकल बाहेर ठेवा.

वाकडा हँगर
बांधाचं पूर्ण मान्य, आवणीताई. तिथे वादच नाही. अभयारण्याचंही मान्य.

बाकी ठिकाणी माझं मत कायम. गट सहाचा करा. डबकं आलं तर कडेने जाऊ नका, मधून जा, वाट रुंद होते ती कडेने जाण्यानेच. तळ दिसत नसेल तर उतरून काडीने खोली बघा. मागचं चाक लॉक होतं कारण घाबरून ढुंगण टायरवर जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि सगळा भरवसा मागच्या ब्रेकवर. छाती खाली, कोपरं बाहेर, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट, आणि ब्रेक वळणाच्या आधी. असा उतरणारा स्वार चर पाडत नाही.

मुठाकाठ
डबक्याच्या मधून, हे ठीक. ओढ्याच्या मधून नव्हे. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की परत फिरा. त्याहून कमी असेल तर सायकल आपल्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे जातं तिकडे धरा. वरच्या अंगाला धरली तर प्रवाह ती तुमच्याच पायांवर लोटतो. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा. पाणी गढूळ होऊन काड्या-पालापाचोळा वाहायला लागला तर वर कुठेतरी कोसळला आहे. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर सायकलस्वाराने त्यावर पाऊल टाकू नये. धरणाच्या खाली तर आभाळ बघून अंदाज बांधूच नका. ऊन पडलेलं असतानाही दरवाजे उघडतात. पुण्यातला मुठेवरचा ठेंगणा भिडे पूल पाण्याखाली जातो तेव्हा पुण्यात पाऊस असतोच असं नाही.

काळी चेन
ओढ्यातून आलात तर घरी आल्यावर सीटपोस्ट काढा, खोलीची खूण करून. सायकल उलटी करून तासभर ठेवा. पाणी बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या नळीच्या) पोटात साचतं आणि दिवाळीपर्यंत कोणी बघत नाही. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगच्या तोंडावर मारू नका, बादली आणि ब्रश पुरतो. चेन पुसा, वाळवा, मग पावसाळ्याचं जाड तेल प्रत्येक कडीला एक थेंब, आणि वरचं पुसून टाका. बारा स्पीडची चेन झीज मोजायच्या गेजवर ०.५ दाखवली की बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) जाते आणि तिची किंमत चेनच्या कितीतरी पट असते.

आवणी
सहा चालतील, हँगरदादा. पण सहावा नेहमी फोटो काढत मागे राहतो, मग बाकीच्यांना गाठायला बांधावरून आडवा येतो. त्याला आधीच सांगून ठेवा.