गालाच्या आतली पांढुरकी झाक : तपासता कशी? (अनुभव धागा)

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत तोंडं तपासणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण. विषय ल्यूकोएडेमा. दोन्ही गालांना आतून धूसर साय धरल्यासारखी दिसते, दुखत-खुपत काही नाही, पण आरशात दिसली की माणूस कॅन्सरच्या धास्तीने येतो. किस्से नकोत, पद्धत लिहा.

दंतचिकित्सक, रत्नागिरी
सगळी मेख गाल ताणण्यात आहे. तोंड आधी अर्धंच उघडायला सांगा. पूर्ण आ केला की गाल ताणला जातो आणि जे बघायचं तेच पुसट होतं. गॉजने लाळ टिपा, सैल गाल नीट बघा, मग बोटांच्या चिमटीत धरून बाहेरच्या बाजूला उलटा. ल्यूकोएडेमाची झाक विरते किंवा अगदी फिकी पडते. सोडलं की परत दिसते. घासून मात्र निघत नाही. फार जोर लावलात तर रक्त दबून निरोगी गालही पांढराफटक पडतो, मग काहीच कळत नाही. ताण जरा ढिला करायचा, गुलाबी रंग भरू द्यायचा आणि पुन्हा बघायचं.

मुखरोगतज्ज्ञ, चिपळूण
वरच्या थरातल्या पेशींत पाणी साठून त्या फुगतात, थर जाड होतो, म्हणून तो दुधाळ दिसतो. सँडस्टेड आणि लोव यांनी १९५३ मध्ये याचं वर्णन केलं. सावळ्या वर्णाच्या लोकांत जास्त आढळतो, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ठळक असतो. औषध नाही, बायोप्सी नाही, कर्करोगाकडे वाटचालही नाही.
पण "झाक गेली" म्हणून लगेच आरसा खाली ठेवू नका. साय विरल्यावर खाली एखादा ठिगळासारखा भाग तसाच पांढरा राहिला तर तो ल्यूकोप्लाकिया (पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा पांढरा चट्टा) असू शकतो, आणि तो सायीखाली सहज लपतो. तंबाखू बंद करून दोन आठवड्यांनी परत बघा. तेव्हाही असेल तर तुकडा तपासायला पाठवा. लाल-पांढरा मिसळलेला किंवा हाताला कडक लागणारा असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

आरोग्यसेविका, श्रीवर्धन
आमच्याकडे रोठा सुपारी घरोघरी. "तंबाखू नाय, नुसती सुपारी" हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. सुपारीने आखडलेला गाल फिकट दिसतो, पण तो ताणलाच जात नाही. बोट आत फिरवलं की उभे, ताठ पट्टे लागतात. माणसाची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांत जातात का ते करून बघायला सांगा. तिखट कालवण झोंबतं का, हेही विचारा. ल्यूकोएडेमात झोंबत नाही.
मिश्री लावणाऱ्या बायकांचा खालचा ओठ उलटून बघायचाच. मिश्री दाबून ठेवतात तिथलं पांढरं, सुरकुतलेलं कातडं ही वेगळी बाब, आणि तिची नोंद वेगळी करायची.

औषधविक्रेता, मालवण
या झाकेवर बुरशीचं जेल मागणारे पुष्कळ. बुरशी गॉजने पुसली की निघते आणि खाली लाल भाग उरतो. दम्याचा पंप घेणाऱ्यात आणि कवळीवाल्यांत ती खरोखर असते. पंपानंतर चूळ भरायला सांगतो. एकाच बाजूला, दुखऱ्या दाताशेजारी पांढरं असेल तर तिथे ॲस्पिरिनची गोळी किंवा लवंगेचं तेल ठेवलं होतं का ते विचारा. ते भाजलेलं असतं.

दंतचिकित्सक, रत्नागिरी
राहिलेलं थोडक्यात. दात मिटतात त्या पातळीवरची आडवी रेघ निरुपद्रवी. नाजूक जाळीसारख्या रेघा ताणूनही जात नसतील तर लायकेन प्लॅनसचा (तोंडाच्या आतल्या कातडीला होणाऱ्या दीर्घकाळच्या दाहाचा) विचार करा.

मुखरोगतज्ज्ञ, चिपळूण
मोबाइलवर फोटो पाठवणाऱ्यांनी फ्लॅश बंद ठेवा, ओल्या गालावरची चमक पांढऱ्या डागासारखी येते. दिवसाच्या उजेडात प्रत्येक गालाचे दोन फोटो हवेत : एक सैल, एक ताणलेला. एकट्या फोटोवरून आम्हीही काही सांगू शकत नाही.