मदत हवी आहे: ‘डेअरडेव्हिल’चे जुने कोणते भाग आधी दाखवू? (स्पॉयलर आहे)

मार्व्हलच्या सुपरहिरो मालिकेचा, ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’चा, पहिला भाग (मार्च 2025) पाहून मी अजून सावरलेले नाही. जोसीच्या बारबाहेर खलनायक बुल्सआय फॉगीला, म्हणजे मॅटच्या (डेअरडेव्हिलच्या) जिवलग मित्राला, गोळी घालतो आणि मॅट बुल्सआयला थेट छतावरून ढकलून देतो! फॉगी गेला म्हणून अनेक प्रेक्षक चिडले. मॅटला बदलायला एवढा मोठा धक्का हवाच होता, असंही काहींचं म्हणणं. मला स्वतःला तो मृत्यू फार घाईत उरकल्यासारखा वाटला, पण छतावरचा मॅट मात्र पटला.

आता धाकट्या बहिणीला मालिका दाखवायची आहे. तिने जुन्या ‘डेअरडेव्हिल’चे 2015 ते 2018चे तीन सीझन पाहिलेले नाहीत. एकूण 39 भाग, आणि तिची परीक्षा तोंडावर. फॉगी कोण हेच माहीत नसेल तर तिला त्या प्रसंगाचं काय वाटणार?

पहिल्या सीझनचा दहावा भाग, मॅट आणि फॉगीच्या भांडणाचा, यादीत आहेच. बुल्सआयसाठी तिसरा सीझन सगळा दाखवावा लागेल का? दुसऱ्यातलं काय गाळता येईल? आणि जुनं काहीच न पाहता थेट हा भाग पाहिलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, तुम्हाला रडू आलं का?