मदत हवी आहे: स्टँडअपची हजेरी झालीये

नमस्कार मंडळी. हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत टेस्टिंग लीड आहे. दिवाळीनंतर वरून फर्मान आलं, आता सगळे अजाईल, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करत सुधारत जायचं. ९० माणसं, ८ टीम, सेफ फ्रेमवर्क (अनेक टीमनी मिळून अजाईल चालवायची पद्धत).

स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) १५ मिनिटांचा असायला हवा, आमचा पाऊण तास चालतो. मॅनेजर वही उघडून एकेकाला उभं करतात. काल एक पोरगा तिथे "काही अडचण नाही" म्हणाला आणि दुपारी कॅन्टीनमध्ये मला सांगतो, टेस्ट सर्व्हर ३ दिवस बंद आहे! स्प्रिंट (कामाचा एक ठरावीक टप्पा) २ आठवड्यांचा, पण रिलीज महिन्याला एकदाच, कारण बदलांना मंजुरी देणारी समिती महिन्यातून एकदा बसते. वर स्टोरी पॉइंटवरून (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) टीमची तुलना, त्यामुळे ३ची स्टोरी (कामाचा तुकडा) हल्ली सर्रास ८ची होते. पॉइंट त्या त्या टीमच्या अंदाजापुरते असतात, हे सांगून थकले.

मॅनेजरला न दुखावता स्टँडअपमधून बाहेर कसं काढलंत? आणि नेहमीच्या, कमी जोखमीच्या बदलांना आधीच सरसकट मंजुरी कोणी मिळवली आहे का? समितीपुढे नेमकं काय मांडलंत? 'स्क्रम मास्टर (टीमला ही पद्धत पाळायला मदत करणारा) बदला' सांगू नका, दोन बदलून झाले.