भाकरी थापणाऱ्या घराचा ओटा कसा असावा?

प्रश्न (खानापूर): आम्ही घर बांधत आहोत. रोज दोन्ही वेळा तांदळाच्या भाकरी होतात आणि पंगत स्वयंपाकघरातच बसते. त्यामुळे सगळीकडून बंद कपाटांची रचना आम्हाला रुचत नाही. ओटा किती उंच आणि कोणत्या दगडाचा करावा?

उत्तर (बेळगाव): उंची गवंड्याच्या सवयीवर सोडू नका. जी व्यक्ती रोज भाकरी करते, तिच्या कोपराखाली साधारण ४ ते ६ इंचांवर ओटा यावा, आणि परात ठेवून थापायची जागा त्याहूनही थोडी खाली असावी, कारण थापताना खांद्याचा जोर तळहातात उतरावा लागतो. कडप्पा स्वस्त पडतो, परंतु तो चुनखडीचा दगड असल्याने लिंबू किंवा कोकमाचे आगळ सांडले की पांढरट डाग उमटतो. ग्रॅनाइटच घ्या.

उत्तर (निपाणी): तुमच्याकडच्या पावसात ओट्याखाली साधे प्लायवूड फुगते, आयएस ७१० दर्जाचे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लायवूड घ्यावे. आम्ही मात्र कडप्प्याचे उघडे कप्पे केले आहेत. पितळी डबे समोर दिसतात, आणि मला ते मनापासून आवडते.

प्रश्नकर्ते: आभारी आहे. परातीची जागा खिडकीशी, थोडी खाली घेतो.